कोणते जयंत पाटील? एकाच नावाचे अनेक नेते आणि थेट मतदानयंत्रापर्यंत पोहोचणारा गोंधळ

१२ जुलै २०२४. विधान परिषदेच्या ११ जागांसाठी १२ उमेदवार रिंगणात होते. म्हणजे एक जण पडणार हे गणित सकाळीच ठरलेलं होतं. संध्याकाळी निकाल लागला आणि पडले ते जयंत पाटील.

आता ही एवढीच ओळ तुमच्या मोबाइलच्या लॉक स्क्रीनवर आली तर? राज्यातल्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर इस्लामपूरचे जयंत पाटील येतील. अर्थमंत्री राहिलेले, जलसंपदामंत्री राहिलेले, त्या वेळी शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे प्रदेशाध्यक्ष. पण ते या निवडणुकीत उमेदवारच नव्हते. हरले ते शेतकरी कामगार पक्षाचे सरचिटणीस, रायगडचे जयंत पाटील. गंमत अशी की रायगडच्या जयंत पाटलांना पाठिंबा होता तो इस्लामपूरच्या जयंत पाटलांच्या पक्षाचा. म्हणजे ‘जयंत पाटलांच्या पक्षाने पाठिंबा देऊनही जयंत पाटील पराभूत’ हे वाक्य अक्षरशः खरं होतं आणि तरीही वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नव्हतं.

अशा बातम्यांवर मीम्स होतात, दोन दिवस हसू होतं आणि विषय संपतो. पण नामसाधर्म्याचा हा प्रकार नुसता हसण्यावारी नेण्यासारखा नाही. यात लोकसभेची एक जागा गेल्याची शक्यता आहे, एका गायकाला दुसऱ्याने लिहिलेल्या पोस्टसाठी शिव्या खाव्या लागल्या आहेत आणि आयपीएलच्या लिलावात एका खेळाडूची चार महिने थट्टा झाली आहे. आणि यातला बराचसा गोंधळ टाळता येण्यासारखा आहे. नाव छापताना आपण जे गाळतो, ते न गाळलं तरी पुष्कळ काम होईल.

चार चंद्रकांत पाटील

एकट्या ‘चंद्रकांत पाटील’ या नावाचं उदाहरण घ्या. कोथरूडचे आमदार, भाजपचे माजी प्रदेशाध्यक्ष आणि उच्च व तंत्रशिक्षणमंत्री चंद्रकांत पाटील सगळ्यांना माहीत आहेत. जळगाव जिल्ह्यातल्या मुक्ताईनगरचे आमदारही चंद्रकांत पाटील. २०१९ मध्ये अपक्ष लढून त्यांनी रोहिणी खडसे यांना दोन हजारांपेक्षा कमी मतांनी हरवलं आणि २०२४ मध्ये शिवसेनेकडून पुन्हा जिंकले. तिसरे केंद्रीय जलशक्तिमंत्री सी. आर. पाटील. त्यातला ‘सी’ म्हणजे चंद्रकांतच. राजकारण गुजरातचं, खासदारकी नवसारीची, पण मूळ आपल्या जळगाव जिल्ह्यातलं. ते गुजरात भाजपचे अध्यक्ष झाले त्या २०२० साली महाराष्ट्र भाजपचे अध्यक्ष होते कोथरूडचे चंद्रकांत पाटील. शेजारशेजारची दोन राज्यं, एकच पक्ष, एकच पद आणि दोन्हीकडे चंद्रकांत पाटील!

चौथे चंद्रकांत पाटील कवी, समीक्षक आणि अनुवादक आहेत. मराठी कविता हिंदीत आणि हिंदी कविता मराठीत नेणाऱ्यांमध्ये त्यांचं नाव आदराने घेतलं जातं. पण सर्च इंजिनचा हिशेब साधा असतो. ज्याचा शोध जास्त, तो वर. मंत्र्यांच्या रोजच्या पत्रकार परिषदांपुढे कवीचा पाड लागणं अवघडच. त्यांच्या कवितेच्या शोधात निघालेला वाचक आधी मंत्र्यांच्या विधानांवर आणि त्यावरच्या वादांवर जाऊन आदळतो.

यादी इथे संपत नाही. संजय पाटील नावाचे दोन खासदार महाराष्ट्राने दिले: मुंबई ईशान्यचे आणि सांगलीचे. रवींद्र चव्हाण नावाचे डोंबिवलीचे आमदार जुलै २०२५ मध्ये भाजपचे प्रदेशाध्यक्ष झाले, तर रवींद्र चव्हाण नावाचे काँग्रेसचे उमेदवार नांदेडची पोटनिवडणूक भाजपविरुद्ध अवघ्या १,४५७ मतांनी जिंकून नोव्हेंबर २०२४ मध्ये खासदार झाले. ‘चव्हाणांची भाजपवर टीका’ असं शीर्षक दिसलं तर नांदेडचे चव्हाण समजायचे, ‘काँग्रेसवर टीका’ दिसलं तर डोंबिवलीचे. अर्थात नांदेडच्याच अशोक चव्हाणांनी काँग्रेस सोडून भाजपमध्ये जाऊन हा नियमही बिघडवून ठेवला आहे. परभणीचे खासदार संजय जाधव आणि ‘दुनियादारी’चे दिग्दर्शक संजय जाधव यांचं क्षेत्र तरी वेगळं आहे, एवढाच दिलासा.

इतके सारखे का?

कारण आडनावांत आहे. पाटील हे मुळात घराण्याचं नाव नव्हतं, ते गावकीतलं पद होतं. गाव तिथे पाटील. कुलकर्णी, देशमुख, देशपांडे यांचंही तेच. एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेली हजारो घराणी पदामुळे एकाच आडनावाची झाली. शिंदे, पवार, जाधव, चव्हाण, मोरे ही आडनावं पदाची नाहीत, पण तीही राज्यभर पसरलेली. त्यात पहिल्या नावांची फॅशन पिढीप्रमाणे बदलते. एका पिढीत घरोघरी संजय, सुनील, विजय, तर पुढच्या पिढीत रोहित, राहुल. नेहमीची दहा-वीस आडनावं आणि त्या काळातली दहा-वीस नावं यांचा गुणाकार केला की जोड्या जुळणारच. डेटाबेस शिकवताना पहिल्याच तासाला सांगतात की माणसाचं नाव ‘प्रायमरी की’ म्हणून वापरू नका. हे मराठी गावाला कॉलेजात न जाताच कळलेलं होतं.

म्हणून तर गावाने उपाय शोधून ठेवले. पहिला उपाय म्हणजे मधलं नाव. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव अशी तिपेडी रचना. ‘कुणाचा रे तू?’ हा गावातला पहिला प्रश्न खरं तर ओळख पटवण्याचाच असतो. दुसरा उपाय टोपणनावांचा: आबा, अण्णा, तात्या, भाऊ, काका, दादा. सांगलीचे संजय पाटील ‘संजयकाका’ झाले, कोथरूडचे चंद्रकांत पाटील ‘चंद्रकांतदादा’, परभणीचे संजय जाधव ‘बंडू’. रायगडच्या जयंत पाटलांना शेकापच्या रिवाजाप्रमाणे ‘भाई’ म्हणतात. नुसतं ‘भाई जयंत पाटील’ म्हटलं की अलिबागचा माणूस दुसरा प्रश्न विचारत नाही.

इतिहासानेही हेच केलं. पेशवाईत दोन माधवराव झाले तर एक थोरले आणि दुसरे सवाई. शाहू महाराज म्हटलं तर साताऱ्याचे, संभाजी महाराजांचे पुत्र. राजर्षी शाहू म्हटलं तर कोल्हापूरचे, १९०२ मध्ये संस्थानात ५० टक्के आरक्षण लागू करणारे. ‘राजर्षी’ ही पदवी आहेच, पण वापरात ती ओळखीची खूणही झाली. २०२४ मध्ये कोल्हापुरातून शाहू छत्रपती लोकसभेवर निवडून आले तेव्हा ही खूण पुन्हा उपयोगी पडली. शाळकरी मुलांच्या उत्तरपत्रिकेत पहिले दोन शाहू आजही एकमेकांत मिसळतात, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा पुढचं विशेषण गाळणं हेच असतं.

थोडक्यात, सारख्या नावांची ही अडचण मराठीने केव्हाच सोडवली होती. तो तोडगा मोबाइलच्या स्क्रीनवर मावेना म्हणून आपण कापून टाकला.

मग बिघडलं कुठे?

छापील पेपरात मथळ्याखाली दोन स्तंभ असायचे. मथळ्यात ‘पाटील’ असलं तरी पहिल्याच ओळीत पक्ष, गाव, पद यायचं आणि शेजारी फोटो असायचा. नोटिफिकेशनला तेवढी जागा नसते. पहिली काट बसते ती मधल्या नावावर, दुसरी गावावर, तिसरी पक्षावर. उरतं ते जयंत पाटील. शिवाय न सांगितलेलं एक आकर्षण असतं. अर्धवट नावाने कुतूहल वाढतं आणि कुतूहलाने क्लिक वाढतात. पराभूत झालेल्या जयंत पाटलांपुढे ‘शेकापचे’ एवढाच एक शब्द लावला तर लोकांना बातमी कळते, पण मग निम्मे लोक ती उघडत नाहीत. हा मोह डिजिटल माध्यमांना होतो, हे मान्य करायला हवं.

याची किंमत कोण मोजतो? कधी कधी भलताच माणूस. जून २०२४ मध्ये लोकसभा निकालानंतर अयोध्येच्या मतदारांना बोल लावणारी एक पोस्ट पसरली आणि गायक सोनू निगम यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. पोस्ट होती बिहारमधल्या एका वकिलाची, ज्यांच्या नावात ‘सोनू निगम’ हे दोन शब्द आहेत. गायक सोनू निगम यांनी तर ट्विटर २०१७ मध्येच सोडलेलं. प्रोफाइल उघडून वकिलाचा परिचय वाचायला पाच सेकंद पुरली असती.

शशांक सिंगचा किस्सा त्याहून प्रसिद्ध. डिसेंबर २०२३ मध्ये दुबईतल्या आयपीएल लिलावात पंजाब किंग्जने त्याला २० लाखांच्या मूळ किमतीला घेतलं आणि लगेच टेबलावर गोंधळ दिसला. यादीत एकाच नावाचे दोन खेळाडू होते. तोवर हातोडा पडला होता, बोली मागे घेता आली नाही. आपल्याला हवा होता तो हाच शशांक, असा खुलासा संघाने नंतर केला, पण तोपर्यंत ‘चुकून घेतलेला खेळाडू’ हे लेबल चिकटलं होतं. ४ एप्रिल २०२४ ला अहमदाबादेत गुजरात टायटन्सविरुद्ध २०० धावांचा पाठलाग करताना त्याने २९ चेंडूंत नाबाद ६१ धावा केल्या आणि सामना जिंकून दिला. पुढच्या मोसमासाठी पंजाबने त्याला साडेपाच कोटींना कायम ठेवलं. त्याचं नशीब की त्याला बॅटने उत्तर देता आलं. सगळ्यांच्या हातात बॅट नसते.

रायगड २०१४: दोन सुनील तटकरे

मतदानयंत्रावर हा गोंधळ पोहोचतो तेव्हा मात्र त्याचं स्वरूप बदलतं.

२०१४ ची लोकसभा, रायगड मतदारसंघ. शिवसेनेचे अनंत गीते विरुद्ध राष्ट्रवादीचे सुनील तटकरे. गीते जिंकले, अंतर फक्त २,११० मतांचं. त्याच निवडणुकीत सुनील तटकरे याच नावाचे एक अपक्ष उमेदवारही होते. त्यांना मिळालेली मतं ९,८४९.

तटकरे हे काही पाटील किंवा शिंदे यांच्यासारखं गावोगाव भेटणारं आडनाव नाही, हे इथे लक्षात घ्या. तरीही त्याच नावाचा दुसरा उमेदवार रिंगणात होताच.

या ९,८४९ पैकी किती मतं चुकून पडली हे मोजण्याची सोय नाही. अपक्ष उमेदवाराला मनापासून मत देणारेही असू शकतात आणि तो त्यांचा हक्क आहे. पण गणित करून पाहा. दर पाच मतांमागे एकाहून किंचित जास्त मत जरी गफलतीने गेलं असेल, तरी निकाल उलटला असता. तेही त्या वेळी यंत्रावर उमेदवाराचा फोटो नव्हता, हे धरून विचार करायला हवा.

देशात हा प्रकार जुना आहे. केरळमधल्या अलप्पुळा मतदारसंघात २००४ मध्ये काँग्रेसचे व्ही. एम. सुधीरन १,००९ मतांनी हरले आणि व्ही. एस. सुधीरन नावाच्या उमेदवाराने आठ हजारांहून जास्त मतं घेतली. छत्तीसगडच्या महासमुंदमध्ये २०१४ साली भाजपच्या चंदूलाल साहूंसोबत आणखी १० साहू उभे होते, कुणी चंदूलाल तर कुणी चंदूराम. भाजपचे साहू त्यातूनही जिंकले, पण अजित जोगींवरची आघाडी होती १,२१७ मतांची. तामिळनाडूच्या रामनाथपुरममध्ये २०२४ ला माजी मुख्यमंत्री ओ. पन्नीरसेल्वम यांच्यासमोर आणखी पाच पन्नीरसेल्वम होते.

हे सगळे योगायोग आहेत यावर विश्वास ठेवायचा असेल तर ठेवा.

कायदा काय म्हणतो?

मे २०२४ मध्ये याविरोधातली जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयात पोहोचली. न्या. भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने ती ऐकण्यास नकार दिला. आईवडिलांनी सारखं नाव ठेवलं म्हणून कुणाचा निवडणूक लढवण्याचा हक्क कसा हिरावणार, असा न्यायालयाचा रोख होता. ही भूमिका बरोबर आहे. आमच्या नेत्याचं नाव तुझं आहे, म्हणून तू उभा राहू नकोस, असं लोकशाहीत सांगता येणार नाही. आज बडे नेते याचा त्रास सांगतात, पण तशी बंदी आली तर उद्या तीच बंदी छोट्या माणसाला रोखायला वापरली जाईल.

उभं राहण्यावर बंदी नको. प्रश्न आहे तो नाव कसं दाखवायचं, याचा. आणि तिथे नियम आधीपासून आहे. निवडणूक नियम १९६१ मधल्या नियम २२ नुसार दोन उमेदवारांची नावं सारखी असतील तर व्यवसाय, राहण्याचं ठिकाण किंवा अन्य मार्गाने त्यांच्यातला फरक दाखवायचा असतो. म्हणजे गावकीचीच पद्धत कायद्याने उचलली. अडचण अशी की आपल्याकडे मधलं नाव वेगळं असलं की फरक झाला असं समजलं जातं. कागदावर तो होतोही. पण मतदाराला नेत्याच्या वडिलांचं नाव ठाऊक असतं का? पाच वर्षं पेपर, टीव्ही आणि मोबाइल त्याला ‘सुनील तटकरे’ एवढंच दाखवत राहतात आणि मतदानाच्या दिवशी यंत्र त्याच्याकडून मधल्या नावाची परीक्षा घेतं. नापास मतदार होतो, पण अभ्यासक्रमातून तो धडा आपणच काढून टाकलेला असतो.

मुंबई ईशान्यचे खासदार या बाबतीत सुदैवी. त्यांना सगळी माध्यमं कायम ‘संजय दिना पाटील’ असंच लिहितात. त्या ‘दिना’मुळे सांगलीच्या संजयकाकांशी त्यांची गल्लत होत नाही. एका शब्दाने एवढं होतं.

निवडणूक आयोगाने १ मे २०१५ पासून यंत्रावर उमेदवाराचा फोटो आणला तो याच गोंधळावर उपाय म्हणून. फोटो लहान होता आणि कृष्णधवल. सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगाने बिहारपासून सुरुवात करत रंगीत फोटो आणले. चौकटीचा तीन चतुर्थांश भाग चेहऱ्याने व्यापलेला असावा आणि सगळ्यांची नावं एकाच आकाराच्या अक्षरात असावीत, असंही ठरवलं. चांगला बदल, उशिरा आलेला. पण फोटोवर सगळा भार टाकता येत नाही. उमेदवारांची संख्या वाढली की यादी एकाहून जास्त यंत्रांवर पसरते, आणि मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार आधी व अपक्ष शेवटी असल्यामुळे दोन सारखी नावं शेजारी नसतात. वाचत खाली गेलेल्या मतदाराला ओळखीचं नाव दिसलं की बोट थांबतं. वर आणखी एक सुनील होता, हे त्याला आठवेलच असं नाही.

आणि टोपणनावाचीही नक्कल होते, हे २०२४ मध्ये दिंडोरीत दिसलं. तिथे शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे भास्कर भगरे पेशाने शिक्षक, म्हणून ‘भगरे सर’. त्याच आडनावाच्या एका अपक्षाच्या नावापुढेही ‘सर’ आलं. वर त्यांना मिळालेलं चिन्ह होतं ‘तुतारी’, तर राष्ट्रवादीचं ‘तुतारी वाजवणारा माणूस’. या अपक्षाला तब्बल १,०३,६३२ मतं पडली. भास्कर भगरे यांची आघाडी १,१३,१९९ ची होती म्हणून निभावलं. नाव, उपाधी, चिन्ह तिन्ही जुळवता येत असतील तर राहण्याचं गाव आणि व्यवसाय हे दोनच तपशील उरतात, जे शपथपत्रामुळे सहज बदलता येत नाहीत. सारख्या नावांच्या बाबतीत ते यंत्रावर ठळक छापणं बंधनकारक करायला हवं. ‘अन्य मार्गाने’ ही पळवाट बंद करायला संसदेत नवा कायदाही लागणार नाही, नियमात दुरुस्ती पुरेल.

इतर क्षेत्रांनी काय केलं?

हॉलीवूडच्या कलाकार संघटनेत एका नावाने दोघांची नोंद होत नाही. मायकेल कीटन यांचं खरं नाव मायकेल डग्लस. ते आधीच घेतलेलं होतं म्हणून बदललं. संशोधकांसाठी २०१२ पासून ‘ऑर्किड’ हा १६ अंकी क्रमांक आहे. विकिडेटावर प्रत्येक व्यक्तीला स्वतंत्र क्रमांक मिळतो, आणि मराठी विकिपीडियाकडे अशा नावांसाठी खास पानं असतात. त्याला तिथे ‘निःसंदिग्धीकरण’ असं भारदस्त नाव आहे. शब्द उच्चारताना जीभ अडखळते, पण काम चोख: एक नाव, खाली सगळ्यांची यादी, प्रत्येकापुढे गाव किंवा पेशा.

न्यूज ॲप्सना याहून वेगळं काही करायचं नाही. नोटिफिकेशनमध्ये ‘शेकापचे’, ‘कोथरूडचे’, ‘कवी’ असा एकच शब्द. बातमीत पहिल्या उल्लेखाला पूर्ण नाव. टॅग देताना चार चंद्रकांत पाटलांना चार वेगळे टॅग, म्हणजे कवीच्या मुलाखतीखाली ‘संबंधित बातम्या’ म्हणून मंत्र्यांचा दौरा येणार नाही. सर्च इंजिन माणसं वेगळी ओळखतं ते अशाच खुणांवरून. आपण खूण दिली नाही तर ते सगळ्यांना एकाच गठ्ठ्यात टाकतं.

राज्य सरकारने मार्च २०२४ मध्ये एक निर्णय घेतला होता. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम सरकारी कागदपत्रांवर बंधनकारक झाला. हेतू आईला नावात स्थान देण्याचा होता आणि तो योग्यच होता. पण त्याने ओळखीची आणखी एक खूण आपोआप मिळाली. दोन सुनीलांच्या वडिलांचं नाव एक असू शकतं, आई आणि वडील दोघांचीही नावं जुळणं कठीण. ही मुलं पहिल्यांदा मतदान करतील २०४२ मध्ये आणि त्यांच्यातला पहिला उमेदवार २५ वर्षांचा होईल २०४९ मध्ये. त्या चार शब्दांच्या नावातले किती शब्द तेव्हाच्या स्क्रीनवर शिल्लक राहतील, ते ठरवणारे न्यूज डेस्क आजच कामाला लागले आहेत.